जीव आधी की निवड आधी?

‘नैसर्गिक निवड’ हे दोन शब्द आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असतात. जिराफाची मान, पोपटी किडा आणि हिरवे पान, फार तर चार गुणांचा प्रश्न. पुढे आयुष्यात कधी विषय निघालाच तर कोणीतरी सहज म्हणून जातो, ‘‘म्हणजे आपले बळी तो कान पिळी!’’ म्हण जुनी आहे आणि व्यवहारात तिचा प्रत्यय वरचेवर येतो, पण डार्विनच्या सिद्धान्ताचा अर्थ म्हणून ती चुकीची आहे. कशी चुकीची, हे वाघ आणि हरणांकडे पाहून नीट कळत नाही, कारण तिथे दात आणि नखे मध्ये येतात. त्यासाठी जिथे दात नाहीत, नखे नाहीत, किंबहुना जीवच नाही अशा ठिकाणी जावे लागते. ते ठिकाण म्हणजे साडेतीनशे ते चारशे कोटी वर्षांपूर्वीची पृथ्वी. तिथे कोणी गेलेले नाही. पण तिचा थोडाफार अंदाज देणाऱ्या काही काचेच्या नळ्या गेल्या साठ वर्षांत माणसाने मांडल्या, आणि त्या नळ्यांची हकीकत फार रंजक आहे.

डार्विनने १८५९ मध्ये मांडलेले तत्त्व अगदी थोडक्यात सांगता येते. एखाद्या गोष्टीच्या नकला होत असल्या पाहिजेत. नकलेत अधूनमधून चूक झाली पाहिजे आणि ती चूक पुढच्या नकलेत उतरली पाहिजे. आणि सगळ्याच नकलांना पुरेल एवढे साहित्य असता कामा नये. एवढे जमले की ज्या नकला जास्त निघतात त्यांची संख्या वाढते, बाकीच्या मागे पडतात. या वाक्यांत ‘जीव’ हा शब्द कुठेही आलेला नाही, हे लक्षात घ्यावे. डार्विनने मात्र हिशेब जीव अस्तित्वात आल्यानंतरच सुरू केला. जीव मुळात कुठून आला, या प्रश्नावर विचार करणे आज व्यर्थ आहे, असे त्याने १८६३ मध्ये आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर याला कळवले होते. तरी मन काही गप्प बसले नसावे. फेब्रुवारी १८७१ मध्ये त्याच हूकरला लिहिलेल्या पत्रात तो एका लहानशा कोमट डबक्याची कल्पना करतो. त्यात अमोनिया आहे, फॉस्फरसचे क्षार आहेत, ऊन आहे, वीज आहे, आणि त्यातून एखादे प्रथिनासारखे द्रव्य तयार होते. पुढे तो एक मार्मिक गोष्ट नोंदवतो. आज असे द्रव्य कुठे तयार झाले तर कोणता ना कोणता जीव ते लगेच खाऊन टाकील. जीव नव्हते तेव्हा ही अडचण नव्हती.

डबके ठीक आहे. पण डबक्यातल्या रसायनांत निवड सुरू कशी झाली? इथे एक पेच आहे. निवडीला नक्कल लागते. आज प्रत्येक पेशीत नक्कल काढण्याचे काम प्रथिनांची एक गुंतागुंतीची यंत्रणा करते, आणि एवढी यंत्रणा निवडीशिवाय घडेल हे पटत नाही. म्हणजे नक्कल नसेल तर निवड नाही आणि निवड नसेल तर नक्कल नाही. कोंबडी आणि अंड्याचा वाद यापुढे सोपा वाटावा.

विसाव्या शतकात हा विषय पुन्हा दोघांनी उचलला, रशियात अलेक्झांडर ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि इंग्लंडात जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये. हाल्डेन यांच्याविषयी आपल्याला थोडी जवळीक वाटायला हरकत नाही. १९५७ मध्ये ते इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले, सदरा-धोतरात वावरले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचा १९२९ चा निबंध अवघ्या काही पानांचा आहे. आदिम समुद्र हे एक गरम, पातळ सार होते ही कल्पना त्यातलीच. मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जिवाणूंना खाणारे विषाणू तेव्हा नुकतेच माहीत झाले होते, आणि हाल्डेन यांनी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटले की साधा रेणू आणि पूर्ण पेशी यांच्यामध्ये अशी एखादी अर्धवट सजीव पायरी असली पाहिजे. नेमका असाच एक विषाणू पुढे या कथेचा नायक झाला.

मधल्या काळातला सर्वांत गाजलेला प्रयोग स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याचा. शिकागोत हॅरॉल्ड युरी यांच्या प्रयोगशाळेत त्याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ एका बंद काचपात्रात घेऊन त्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवड्याभरात पाणी रंगले आणि त्यात अमिनो आम्ले सापडली. हे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पाठ्यपुस्तकांत कायमचे बसले. पण आपल्या प्रश्नापुरते पाहिले तर मिलरला विटा मिळाल्या, गवंडी मिळाला नाही. त्या पात्रात कशाचीही नक्कल होत नव्हती.

आता सोल स्पीगेलमन यांच्याकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली जन्मलेले हे शास्त्रज्ञ अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात काम करत होते. त्यांच्याकडे क्यू-बीटा नावाचा विषाणू होता. हा ई. कोलाय जिवाणूला ग्रासतो. त्याची सगळी माहिती आरएनए या साखळीसारख्या लांब रेणूत असते. आरएनएला चार अक्षरांत लिहिलेली ओळ समजावे, आणि या विषाणूची ओळ सुमारे चार हजार दोनशे अक्षरांची आहे. या ओळीची नक्कल काढणारे विकर, म्हणजे एन्झाइम, स्पीगेलमन यांनी इचिरो हारुना या जपानी सहकाऱ्याबरोबर शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यामुळे एक नवीन गोष्ट शक्य झाली. विषाणूही नको, जिवाणूही नको. नळीत विकर, चार प्रकारची सुटी अक्षरे आणि थोडे क्षार घ्यायचे आणि आरएनएचा एक थेंब सोडायचा, की आरएनएच्या नकला निघू लागतात.

१९६७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग ज्या घरात रोज दही लागते त्या घरात समजावून सांगावा लागणार नाही. पहिल्या नळीत नकला होऊ दिल्या. काही मिनिटांनी त्यातला थोडासा भाग उचलून दुसऱ्या नळीत घातला. या नळीत ताजे विकर होते, ताजी अक्षरे होती, पण आरएनए नव्हता. तिथे नकला झाल्या की त्यातला थोडा भाग तिसऱ्या नळीत. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधाला, आजचा उद्याच्या. अशा चौऱ्याहत्तर नळ्या झाल्या. शिवाय मधला वेळ त्यांनी हळूहळू कमी करत नेला, म्हणजे ज्याची नक्कल लवकर पुरी होईल तोच पुढच्या नळीत जास्त संख्येने जाणार. पहिल्या नळीतला मूळ आरएनए तर केव्हाच इतका विरळ झाला होता की शेवटच्या नळीत जे होते ते सगळे नवेच.

आपल्या स्वयंपाकघरातही हेच चालते, फक्त कोणी नोंद ठेवत नाही. वर्षानुवर्षे एकच विरजण पुढे चालवले तर आपल्या घरातल्या उबेला आणि आपल्या वेळेला जुळणारे जिवाणूच त्यात वाढत जातात. एका घरचे दही दुसऱ्या घरी लागत नाही अशी तक्रार आपण ऐकतो, तिच्यात थोडे तथ्य आहे ते असे.

चौऱ्याहत्तराव्या नळीत काय निघाले? मूळ आरएनएच्या लांबीचा ८३ टक्के भाग गळून गेला होता. उरलेला १७ टक्क्यांचा तुकडा मूळ साखळीपेक्षा कितीतरी झपाट्याने नकला काढत होता. आणि तो जिवाणूला ग्रासू शकत नव्हता. ती ताकद तर पहिल्या काही नळ्यांतच संपली होती.

याचे कारण एकदा लक्षात आले की हसू येते. मूळ आरएनएत विषाणूचे कवच कसे बनवायचे, जिवाणू फोडून बाहेर कसे पडायचे, नक्कल काढणारे विकर कसे घडवायचे, असा सगळा प्रपंच लिहिलेला होता. नळीत यांतले काहीच लागत नाही. विकर आयते मिळते, खाणे आयते मिळते, घर बांधायचे नाही, कोणावर चालून जायचे नाही. मग एवढे बाड कशाला वाहायचे? ज्या नकलेत चुकून एखादा भाग सुटला ती लवकर पुरी झाली आणि पुढच्या नळीत तिचीच संख्या जास्त झाली. पुढेपुढे विकराला ओळख पटण्यापुरती अक्षरे आणि थोडेसे काही एवढेच राहिले. १९९७ मध्ये जर्मनीत गॉटिंगेन येथे वेगळी विकरे वापरून याच धर्तीचा प्रयोग केला गेला, तेव्हा शेवटी उरला तो सुमारे पन्नास अक्षरांचा तुकडा.

म्हणून सुरुवातीला म्हटले की ती म्हण इथे लागू पडत नाही. या नळीत कोणी कोणाचा कान पिळला नाही. जो टिकला तो बलवान नव्हता, हुशार नव्हता, सर्वांत बांधेसूदही नव्हता. तो आखूड होता आणि घाईचा होता. हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये वापरलेला ‘लायकाचे टिकणे’ हा शब्दप्रयोग डार्विनने पुढे स्वतःच्या ग्रंथात घेतला, १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत. माझ्या मते त्याने घोटाळा वाढला. लायक कशासाठी, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थच नाही. निवडीला वर चढायची ओढ नसते. सोय करून दिली तर ती खुशाल खाली उतरते.

हीच निवड अडचण आल्यावर कशी वागते, हेही स्पीगेलमन यांच्या गटाने तपासले. १९६९ मध्ये त्यांनी नळीतल्या चार अक्षरांपैकी एकाचा पुरवठा मुद्दाम तोडका ठेवला. काही फेऱ्यांनी त्या टंचाईतही चांगल्या नकला काढणारा आरएनए वर आला. पुढच्या वर्षी लेस्ली ऑर्गेल यांच्याबरोबर त्यांनी नळीत एथिडियम ब्रोमाइड घातले. हे द्रव्य आरएनएला चिकटून नकलेत अडथळा आणते. त्याचे प्रमाण फेरीगणिक थोडेथोडे वाढवत नेले, तसा ते सोसणारा आरएनए निघाला. जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. इथे तोच प्रकार निव्वळ रेणूंत झाला. नळीत जीव असे काहीच नव्हते, तरी निवड होती.

मग प्रश्न सुटला का? नाही. दोन मोठ्या अडचणी शिल्लक होत्या.

पहिली अडचण मानफ्रेड आयगेन यांनी १९७१ मध्ये गणिताने दाखवली. आयगेन हे गॉटिंगेनचे. अतिशय वेगवान रासायनिक क्रिया मोजल्याबद्दल त्यांना १९६७ मध्येच नोबेल मिळाले होते. त्यांचे म्हणणे आपल्याला पोथ्यांच्या उदाहरणाने चांगले समजते. छापखाना नव्हता तेव्हा ज्ञानेश्वरीच्या नकलांच्या नकला होत गेल्या आणि पाठभेद इतके वाढले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांना प्रत शुद्ध करावी लागली. ज्ञानेश्वरीला एकनाथ मिळाले. आदिम रेणूंना कोण मिळणार? समजा नक्कल करताना शंभर अक्षरांमागे एक चूक होते. मग ओळ साधारण शंभर अक्षरांहून बरीच लांब असेल तर जवळजवळ प्रत्येक नकलेत चूक शिरेल, चुकांवर चुका साचतील आणि चांगली ओळ निवडूनही टिकवता येणार नाही. निवडीपेक्षा चुकांचा वेग जास्त होईल. आजच्या पेशी डीएनएची नक्कल करताना दुरुस्ती धरून शंभर कोटी अक्षरांत एखादीच चूक राहू देतात, पण त्यासाठी शुद्धिकाराचे काम करणारी विकरे लागतात. ती घडवण्याची माहिती लिहायला हजारो अक्षरे लागतात. आणि हजारो अक्षरे टिकायला आधी शुद्धिकार लागतो. कोंबडी आणि अंडे पुन्हा हजर.

दुसरी अडचण विकराची. स्पीगेलमन यांच्या नळीतले विकर एका जिवंत जिवाणूतून काढलेले होते. ते चार प्रथिनांचे मिळून बनते आणि त्यांतली तीन तर जिवाणूच्या स्वतःच्या मालकीची. विषाणूने त्यांना फक्त कामाला जुंपले. म्हणजे दही लागले खरे, पण विरजण शेजाऱ्याचे होते.

या दुसऱ्या अडचणीतून वाट दिसली ती १९८२ च्या सुमारास. कोलोरॅडोत टॉमस चेक आणि येल येथे सिडनी ऑल्टमन यांनी स्वतंत्रपणे दाखवले की प्रथिनांशिवाय नुसता आरएनएसुद्धा विकराचे काम करू शकतो. दोघांना १९८९ मध्ये नोबेल मिळाले. पोथीही तीच आणि लेखनिकही तोच, असा रेणू निदान कल्पनेत तरी बसू लागला. १९९३ मध्ये डेव्हिड बार्टेल आणि जॅक शोस्टाक यांनी दहाचा पंधरावा घात एवढ्या संख्येचे, वाटेल तशी अक्षरे जुळवलेले आरएनए घेऊन त्यांतून दोन साखळ्या जोडू शकणारे रेणू वेचले. त्या अफाट कचऱ्यात असे कामाचे रेणू सापडले आणि निवडीच्या फेऱ्यांनी ते सुधारत गेले. २००९ मध्ये जेराल्ड जॉइस आणि ट्रेसी लिंकन यांनी एकमेकांच्या नकला घडवणाऱ्या आरएनएच्या जोड्या तयार केल्या. साधारण तासाभरात त्या दुप्पट होत. अर्थात त्यांना जोडायचे तुकडे आधीच तयार करून द्यावे लागत होते.

नक्कल सुरू झाली की आळशीही जन्माला येतात. विकर घडवणारा आरएनए मेहनत करतो. त्याच्याच एखाद्या नकलेतून विकराची माहिती गळून गेली की ती नक्कल आखूड होते, दुसऱ्याच्या विकरावर भराभर वाढते आणि शेवटी मेहनत करणाऱ्यालाच संपवते. मग तीही संपते. एका मोठ्या भांड्यात हे अटळ आहे. जपानमध्ये नोरिकाझू इचिहाशी आणि सहकाऱ्यांनी भांडे बदलले. तेलात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तरंगत ठेवले आणि प्रत्येक थेंबात थोडे थोडे आरएनए. आता आळशी ज्या थेंबात शिरेल तो थेंब बुडेल, पण शेजारचा वाचेल. फेरीच्या शेवटी थेंब मिसळायचे, ताजे साहित्य घालायचे, पुन्हा सुरू. २०२२ मध्ये या गटाने २४० फेऱ्यांची हकीकत प्रसिद्ध केली. एका आरएनएपासून सुरुवात होऊन शेवटी पाच घराणी झाली होती, काही मेहनती, काही परजीवी, आणि ती एकमेकांवर अवलंबून नांदत होती. इथे माहितीची लांबी टिकली ती भिंतीमुळे. अर्थात याही थेंबांत प्रथिने घडवणारी सामग्री जिवाणूकडून घेतलेलीच होती.

आदिम पृथ्वीवर असे थेंब नसतील तर दुसरे आडोसे होते. त्यांत मातीचा विचार फार झाला आहे. ग्लासगोच्या ग्रॅहॅम केर्न्स-स्मिथ यांनी १९६६ मध्ये तर असे मांडले की पहिली नक्कल आरएनएची नसून मातीच्या स्फटिकांचीच असावी. ते काही सिद्ध झाले नाही. पण मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या मातीच्या पृष्ठभागावर आरएनएची सुटी अक्षरे विकराशिवाय जुळतात आणि साखळी पन्नास अक्षरांपर्यंत वाढवता येते, हे जेम्स फेरिस यांच्या प्रयोगांत १९९६ मध्ये दिसले. मूर्तीसाठी शाडू मळणाऱ्यांना हे वाचून बरे वाटेल.

आयगेन यांच्या चुकांच्या मर्यादेवर मात्र माती उपाय नाही, थेंबही नाही. तिथे एक अनपेक्षित गोष्ट २०१० मध्ये समोर आली. सुधा राजामणी, आयरीन चेन आणि सहकारी अमेरिकेत विकराशिवाय होणारी नक्कल तपासत होते. त्यांनी पाहिले की चुकीचे अक्षर बसले की त्याच्यापुढचे अक्षर जोडायला फार वेळ लागतो. साखळी तिथेच अडखळते. म्हणजे ज्या नकलेत चुका कमी ती आधी पुरी होणार. शुद्धिकार नसताना शुद्ध प्रतीला मिळालेली ही सवलत आहे, आणि त्यामुळे आयगेन यांच्या हिशेबात बसते त्यापेक्षा लांब ओळ टिकू शकते. इथेही जिंकते ती घाईच, स्पीगेलमन यांच्या नळीतलीच. फक्त या खेपेला ती अक्षरे गाळणाऱ्याच्या बाजूने नसून नीट लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे.

डॉ. राजामणी पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत आल्या आणि तिथे या विषयाची प्रयोगशाळा उभी राहिली. आरएनएची अक्षरे आणि साबणासारखे स्निग्ध रेणू एकत्र घेऊन ते पाणी पूर्ण आटवायचे, पुन्हा भिजवायचे, पुन्हा आटवायचे, असे तिथले काम आहे. डार्विनच्या डबक्यावर ऊन पडावे आणि मग पाऊस यावा, तसे. कोणाकडूनही काही उसने न घेता, साध्या रसायनांपासून सुरू होऊन स्वतःच्या नकला काढत राहील असा आरएनए जगात कुठल्याही प्रयोगशाळेला अजून बनवता आलेला नाही.